काचवाल्याचा पाय आणि आईची जीभ

माझ्या दादाला सगळी गल्ली काचवाला म्हणून ओळखते आणि पाठीमागे चिडका काचवाला म्हणते. त्याला हे माहीत आहे आणि त्याची त्याला लाज नाही. राग ही आमच्या घरची वडिलोपार्जित मालमत्ता. वडील गेले तेव्हा दुकान दादाला मिळालं, राग मात्र सगळ्यांना सारखा मिळाला. दादाचा नाकावर असतो, माझा पोटात. आई या घरात आली तेव्हा म्हणे गरीब गाय होती, पण चाळीस वर्षांत तिने तो असा काही शिकून घेतला की तिच्या जिभेपुढे आम्ही दोघं नवशिके.

मी एका शाळेच्या कचेरीत कारकून आहे. लग्न केलं नाही, म्हणून आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं एकाच घरात राहतो. पुढचं सगळं मी रागाने सांगणार आहे, हे आधीच सांगून टाकते. शांतपणे सांगायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा ते खोटं वाटलं.

दादाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे टेबल, त्यावर जाड कापड अंथरलेलं, कडेला रॉकेलची डबी आणि तीत उभा केलेला कटर. दादा पट्टी लावायचा, कटर रॉकेलमध्ये बुडवायचा आणि काचेवर एक रेघ ओढायचा. एकच. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवला की काच ऐकत नाही, तिला हवी तशी तुटते. मग काच टेबलाच्या कडेवर घेऊन तो एक हलका झटका द्यायचा आणि ती सरळ दुभंगायची. त्या घडीला त्याच्या इतका शांत माणूस जगात नसेल. पुढच्या क्षणी कपाळावर पुन्हा आठ्या. कुणी गिऱ्हाईक हाताने हवेत माप दाखवायला लागलं की तो म्हणायचा, मिलिमीटर घेऊन या, हातवारे नकोत.

मागच्या अर्ध्या भागात, मधोमध, मोठ्या काचांचा स्टँड होता. लोखंडी, चाकांवरचा, दोन्ही बाजूंनी उतरता, तंबूसारखा. काचा दोन्ही बाजूंना टेकवलेल्या असतात, एका बाजूला साध्या, दुसऱ्या बाजूला तपकिरी, आणि इकडचं वजन तिकडच्या वजनाला तोलून धरतं. म्हणून काचा काढायच्या त्या एक इकडची, एक तिकडची. तिकडची नको असली तरी काढायची आणि भिंतीला लावून ठेवायची. एकाच बाजूच्या काढत राहिलात, तर भरलेली बाजू सगळा स्टँड घेऊन आडवी होते. हा धडा दादा आम्हाला जेवतानासुद्धा द्यायचा. मी कधी काचेला हात लावला नाही, पण एक इकडची एक तिकडची मला पाढ्यासारखं पाठ आहे.

याच नियमापायी त्याने मोजपट्टीला काढलं होतं. मोजपट्टी म्हणजे दादाचा कारागीर, चौदा वर्षांचा जुना. झोपतानाही त्याच्या खिशात टेप असतो असं लोक म्हणायचे, म्हणून हे नाव. एका दुपारी घाईत त्याने एकाच बाजूच्या चार काचा काढल्या आणि स्टँड डुलला. दादा धावला, खांदा लावला, काही पडलं नाही. पण दादाने त्याला तिथल्या तिथे, भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, नाही नाही ते बोलून हाकलला. ज्याला वजन कळत नाही त्याने फुगे विकावेत, असं म्हणाला. मोजपट्टीने टेप खिशात घातला आणि गेला. पुढची दोन वर्षं तो सायकलला काचा बांधून दारोदार खिडक्या दुरुस्त करत होता. दादा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

आता त्या दिवसाचं. सकाळी आई आणि दादाचं वाजलं. आईला साखरेचा आजार आहे आणि तिला तपासायला न्यायचं दादाने तिसऱ्यांदा पुढे ढकललं होतं. एका हॉटेलच्या मोठ्या कामाच्या काचा त्याच दिवशी द्यायच्या होत्या. तो बूट घालत होता आणि आई दारात उभी राहून बोलत होती. शेवटी ती म्हणाली, "एकदाचा पाय मोडून घरात बस, म्हणजे तरी आईच्या वाट्याला येशील." आमच्या घरात हे काही फार मोठं बोलणं नव्हतं. याहून वाईट आम्ही चहाबरोबर बोलतो. दादा दार आपटून गेला.

साडेअकराला शाळेत फोन आला. स्टँड आडवा झाला होता आणि दादाचा उजवा पाय मांडीपासून खाली काचांखाली सापडला होता. मोजपट्टी सायकलवरून तिथूनच चालला होता. त्याने आवाज ऐकला, सायकल रस्त्यात टाकली, दोन माणसांना हाक मारून काचा उचलल्या आणि स्वतःचा पट्टा काढून दादाच्या मांडीला आवळला. त्या पट्ट्याने माणूस वाचला, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, देवानेच त्याला पाठवलं.

इथून माझा राग सुरू होतो. देवाने पाठवला, ठीक. मग पाच मिनिटं आधी का नाही पाठवला? मी हे तिथेच, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, मोठ्याने विचारलं. आई काही बोलली नाही. आई बोलत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात सळई घातली. गुडघ्याच्या वर पाऊल हलवणारी नस तुटली होती, ती जोडली. पण नस जोडली म्हणजे चालू झाली असं नाही. दादाचं पाऊल नुसतं लोंबायचं, बोटं हलायची नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की नस हळूहळू वाढत खाली येते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि पोचेलच याची खात्री नाही. दादाने पडल्या पडल्या विचारलं, किती जायचंय? डॉक्टरांनी हाताने अंदाज दाखवला. दादाने मला टेप आणायला लावला आणि मांडीवरच्या टाक्यांपासून घोट्यापर्यंत माझ्याकडून मोजून घेतलं. पाचशे दहा मिलिमीटर. "दीड वर्ष," तो म्हणाला आणि तोंड फिरवून पडून राहिला.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. आमच्या मुंगीचा वेग तरी आम्हाला ठाऊक होता.

भेटायला येणाऱ्यांविषयी न बोललेलंच बरं, पण मी बोलणार. प्रत्येक जण फळं आणायचा आणि त्याबरोबर एक वाक्य. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. देव ज्याला झेपेल त्यालाच देतो. पाय गेला तरी जीव राहिला हे बघा. दादाचे एक चुलत सासरे तर खुर्ची ओढून बसले आणि तासभर सांगत राहिले की संकट म्हणजे देवाचं निमंत्रण असतं. दादा म्हणाला, "मग तुम्ही जा ना जेवायला." वहिनीने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन स्वयंपाकघरात एकटीच हसत बसली. तेवढंच काय ते त्या महिन्यातलं हसणं.

अपघात कसा झाला हे सगळे विचारायचे. दादाचं उत्तर ठरलेलं. स्टँडचं चाक अडवून धरणारा खटका निसटला. मग पुढचं वाक्य देवावर. एवढं आई रोज मागते त्याच्याकडे, त्याला एक खटका धरवला नाही? दादाचा देवावर विश्वास कधीच नव्हता, पण आजारपणात त्याने देवाला जितक्या शिव्या घातल्या तितकी आठवण भाविकांनाही येत नसेल. मला ते पटायचं. मी म्हणायचे, बरोबर बोलतोय.

आईच्या पायात चपला नाहीत हे पहिल्यांदा एका नर्सच्या लक्षात आलं. दुसऱ्याच दिवशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात. तिने आईला हटकलं तेव्हा आई म्हणाली, देवाला शब्द दिलाय. मुलगा आधाराशिवाय आपल्या पायाने दारापर्यंत चालेल, तेव्हा चप्पल घालीन.

मी नर्ससमोरच आईशी भांडले. साखरेच्या माणसाने अनवाणी फिरायचं नसतं, हे तिला प्रत्येक डॉक्टरने सांगितलं होतं. तिच्या तळव्यांना निम्मं काही कळतच नाही. खडा रुतला तरी घरी येऊन दिसतो. मी म्हटलं, नवसच करायचा तर गोड सोडायचं होतंस, तब्येत तरी सुधारली असती. ती म्हणाली, "गोड सोडायला मला काय होतंय? ज्याने दुखत नाही ते देवाला काय द्यायचं?" आमच्या आईला वादात हरवायचं तर तिच्यापेक्षा आधी जन्माला यायला हवं होतं.

दादाला घरी आणलं. पुढच्या खोलीत, खिडकीखाली, त्याचा पलंग लावला. घर त्या पलंगाभोवती फिरायला लागलं. वहिनी पहाटे उठून त्याला अंघोळ घालायची, मग टॉवेल पावलाखाली घालून दोन्ही टोकं ओढत पाऊल वर आणायची, शंभर वेळा, नाहीतर ते लोंबून तसंच आखडतं. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून तीनदा यायची. मी शाळेतून आले की वॉकरचा तास माझा. दादा ओरडायचा, वाटी फेकायचा, वहिनीला म्हणायचा, तुला दुसरा धंदा नाही का. वहिनी वाटी उचलायची आणि पुन्हा टॉवेल धरायची. ती आमच्या घरची नाही म्हणून तिला हे जमायचं, असं मी म्हणते. आई म्हणते, तिला देवाने बळ दिलं. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, रोज रडायला वेळ कुठे होता.

दुकानाला कुलूप होतं. मग एका सकाळी मोजपट्टी दारात आला आणि वहिनीकडे किल्ली मागितली. म्हणाला, हॉटेलवाल्यांचं काम अर्धं पडलंय, मी पुरं करतो, काचवाला उठेपर्यंत उघडझाप करतो. दादा पलंगावर होता. त्याने ऐकलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्या दिवसापासून मोजपट्टी रोज सकाळी किल्ली न्यायला आणि संध्याकाळी द्यायला यायचा. दादा झोपल्याचं सोंग घ्यायचा. मला वाटायचं, जुना राग. माणूस पट्टा आवळून जीव वाचवतो तरी याचा राग जात नाही, कमाल आहे.

आणि रोज सकाळी, मोजपट्टी यायच्या आधी, आई दादाच्या पलंगाशेजारी बसून प्रार्थना करायची. आधी ती रस्त्याच्या टोकाला, प्रार्थनेच्या जागी, अनवाणी जाऊन यायची आणि मग तीच प्रार्थना पुन्हा इथे. डोळे मिटून, हलक्या आवाजात. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मी कचेरीची तयारी करत असायचे, ती काय म्हणते याकडे माझं लक्ष नसायचं. देवाशी माझं फारसं बोलणं नाही आणि दुसऱ्यांचं मी ऐकत नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी माझी बांगडी पलंगाखाली घरंगळली म्हणून मी वाकले आणि मला ते शब्द ऐकू आले. आई म्हणत होती, "जीभ माझी होती. बोलले मी. त्याची शिक्षा माझ्या लेकराला नको, मला दे. माझा पाय घे, त्याचा सोड."

बांगडी तिथेच राहिली. इतके महिने मला वाटत होतं की आई अनवाणी फिरते ती मुलाच्या मायेने. ती फिरत होती ती गुन्हेगारासारखी. त्या सकाळचं पाय मोडून घरात बस हे वाक्य आम्ही सगळे विसरलो होतो. तिला ते रोज आठवत होतं. संध्याकाळी मी तिला समजावलं की शब्दाने स्टँड पडत नाही, लोखंडाला मराठी कळत नाही. ती म्हणाली, देवाला कळतं. तेव्हाच तिने भांडी घासायला पाय पसरला आणि मला तिच्या उजव्या तळव्याला, करंगळीच्या बुडाशी, रुपयाएवढी जखम दिसली. किती दिवस होती तिलाही माहीत नव्हतं. दुखत नव्हती ना.

त्यानंतरचे तीन आठवडे मलमपट्टीचे. डॉक्टर आईवर ओरडले, मग माझ्यावर. मऊ चप्पल सांगितली, नाहीतर बोटं जातील, पुढे पायही जाईल. आईने पट्टी बांधून घेतली आणि तशीच अनवाणी घरी आली. मी चप्पल तिच्यापुढे ठेवली, ती ओलांडून गेली. मीही चप्पल सोडायची धमकी दिली, उपास केला, रडले, सगळं झालं. शब्द दिलाय म्हणजे दिलाय. दादा चालला की घालीन. आणि दादाच्या नसेचे अजून साडेतीनशे मिलिमीटर बाकी होते.

मी रागाने दुकानात गेले. मोजपट्टीला विचारायला, की तो खटका कुठल्या चाकाचा होता. मला त्या स्टँडवाल्या कंपनीला पत्र लिहायचं होतं, कुणाला तरी चार शब्द सुनवायचे होते. मनात हेही होतं की आईला तो निसटलेला खटका हातात आणून द्यावा आणि म्हणावं, हे बघ, हे मोडलं, तुझी जीभ नव्हे.

मोजपट्टी काच पुसत होता. पुसतच राहिला. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने मला स्टँडची चारही चाकं दाखवली. चारही खटके जागच्या जागी, गंज धरून घट्ट. म्हणाला, "ताई, तुटलेला ढीग मी झाडला. सगळी तपकिरी काच होती. साधी काच एकही नव्हती." मी म्हटलं, मग? तो म्हणाला, हॉटेलला साधी लागत होती, ती सगळी गाडीत चढली होती.

पाढा मला पाठच होता. एक इकडची, एक तिकडची. दादाने घाईत सगळ्या इकडच्याच काढल्या होत्या. स्टँड डुलला आणि तो फिरून तपकिरी बाजूला खांदा लावायला धावला, दोन वर्षांपूर्वी धावला होता तसाच. या वेळी वजनाने खांद्याचं ऐकलं नाही.

मी मोजपट्टीला विचारलं, तू कुणाला बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मला चार काचांची शिक्षा झाली, त्याला बावीस काचांची झाली. आता मी आणखी काय बोलू?"

मी घरी आले ती कशी आले मला आठवत नाही. दादा पलंगावर बसून पाऊल टॉवेलने ओढत होता. आई अंगणात होती. मी दार लावून घेतलं आणि त्याला म्हटलं, खटका निसटला नव्हता. त्याने टॉवेल सोडला. मी म्हटलं, आईला वाटतं तिच्या जिभेने तुझा पाय मोडला. मला वाटलं तो चकित होईल. तो झाला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई रोज त्याच्या कानापासून हातभर अंतरावर बसून ते बोलत होती आणि बहिरी मी होते, तो नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा माझा दादावरचा राग पोटातून वर आला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एवढं लिहिते, की देवाला शिव्या घालायला तुला बरं वाटायचं, कारण देव तोंड उघडून सांगत नाही की खोटं बोलतोस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दादा ओरडला नाही. म्हणाला, रोज वाटतं सांगावं, आणि रोज सकाळी तो किल्ली न्यायला येतो. त्याला भर रस्त्यात फुगे विकायला सांगितलं मी. कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, त्याला केव्हाचं माहीत आहे. आता तू सांगतोस की मी सांगू?

तो म्हणाला, उद्या सांगतो. मी म्हटलं, ठीक आहे. ही माझी चूक. स्वतःवरचा राग मी या एका दिवसासाठी राखून ठेवला आहे.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला ताप भरला. वहिनीने पट्टी सोडली तर करंगळी काळी पडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, बोट काढायचं, परवा. आई शांत होती. जवळजवळ खूश होती म्हटलं तरी चालेल. रिक्षात मला म्हणाली, "त्याने ऐकलं बघ. माझं घेतोय. आता दादाचं सुटेल."

घरी आल्या आल्या ती दादाच्या पलंगाशी गेली आणि त्यालाही हेच सांगायला लागली. दादाने तिला मध्येच थांबवलं. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली होती. म्हणाला, "आई, खटका निसटला नव्हता. एका बाजूच्या काचा मी काढल्या. माझ्या हाताने. घाई होती म्हणून. तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही."

आई उभीच होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, ओले हात घेऊन. आईने विचारलं ते काचांविषयी नव्हतं.

"मी रोज सकाळी इथे बसून मागत होते, ते तुला ऐकू येत होतं?"

दादा म्हणाला, "हो."

"रोज?"

"रोज."

आईने मला चप्पल आणायला सांगितली. पट्टीमुळे उजव्या पायात जाईना, तेव्हा कात्री मागितली, पट्टा स्वतः कापला आणि पाय आत सरकवला. दादा रडत होता, म्हणत होता माफ कर. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. चपला घालून ती आपल्या खोलीत गेली. दादा चाललेला नव्हता आणि आईने देवाला दिलेला शब्द मोडला होता. तिने असं काही करायची ही पहिली वेळ.

बोट गेलं. पाय वाचला. चार दिवसांनी आई घरी आली. त्या चार दिवसांत दादा वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊन आला, दोनदा पडला, आणि कुणावरही ओरडला नाही, ज्याची वहिनीला जास्त भीती वाटली. घरी आल्यावरही आई त्याच्याशी बोलत नव्हती. जेवण पुढे ठेवायची आणि वळायची. मला वाटलं, माय ती, दोन दिवसांत विरघळेल. मी माझ्या आईला ओळखत नव्हते.

रविवारी सकाळी तिने नेहमीची खुर्ची पलंगाशेजारी ओढली. मी म्हटलं चला, प्रार्थना सुरू झाली, म्हणजे सगळं रुळावर आलं. पण तिने खुर्ची फिरवली आणि दादाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी शब्द मोडला," ती म्हणाली. "आता मला त्याच्याकडे काही मागता येणार नाही. आणि तुझ्यासाठी मी मागणारही नाही. काय झालं ते तूच सांग त्याला, पहिल्यापासून. मग पाय माग. मी अशी बसून ऐकते, तू ऐकत होतास तशी."

दादा म्हणाला, आई, माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, माझा आहे, तुझं माझ्या विश्वासावर चालून जाईल.

त्याच वेळी मोजपट्टी किल्लीसाठी दारात आला. खोलीतलं दृश्य बघून मागे वळायला लागला. वहिनीने किल्ली हातात घेतली होती, पण दिली नाही. तीही आमच्यात राहून तयार झाली आहे. म्हणाली, थांबा जरा.

दादाने मोजपट्टीकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, उघड्या डोळ्यांनी. मग त्याने लोंबणारं पाऊल हाताने उचलून जमिनीवर नीट ठेवलं, ताठ बसला आणि घशातल्या घशात काहीतरी म्हणाला. मला त्यातलं फक्त "काचा" एवढं कळलं.

आई भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "ऐकू आलं नाही."

दादाने पुन्हा सुरुवात केली, रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.